नेटचं खातं कुणाकडे?

घरातल्या वस्तूंची एक वाटणी असते. ती कुणी कागदावर लिहिलेली नसते, पण सगळ्यांना पाठ असते. मिक्सर, कुकर, शेगडी, पाण्याचा फिल्टर ही बाईची खाती. इन्व्हर्टर, गाडी, पाण्याची मोटर ही पुरुषांची. कुकरची शिट्टी होईना तर आपण कुणाला विचारत बसत नाही, रिंग बदलून मोकळ्या होतो. पण इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायचं असलं की 'हे आल्यावर बघतील' म्हणतो. गेल्या काही वर्षांत घरात एक नवी वस्तू आली. दोन-चार शिंगांची, मिणमिणत्या दिव्यांची चपटी पेटी. तिचं नाव राउटर. कुणी काही न ठरवताच ती थेट पुरुषांच्या खात्यात जमा झाली.

माझा या वाटणीला विरोध आहे. हक्काच्या मोठ्या गप्पा मारायच्या म्हणून नव्हे, अगदी व्यवहाराचं म्हणून सांगते. घरातलं नेट का अडतं हे शोधायला जी माहिती लागते, ती बहुतेक घरांत बाईकडेच असते. ती कंप्युटरची माहिती नव्हे. ती घराच्या घड्याळाची माहिती आहे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीचं उदाहरण घ्या. बी.एड. झालेली, पण सासरी आल्यावर नोकरी मिळाली नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती शेजारपाजारच्या मुलांना मोबाइलवरून शिकवायला लागली. त्यातूनच पुढे अमेरिकेतल्या काही मराठी आईबापांनी तिला विचारलं, आमच्या मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवाल का? तिने होकार दिला. मंगळवार, गुरुवार आणि रविवार, सकाळी साडेसातला तिचा वर्ग सुरू होतो. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. महिन्याला चार पैसे येतात, आणि मुख्य म्हणजे ते तिच्या स्वतःच्या खात्यात येतात.

तर झालं काय, वर्ग सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की पडद्यावरची मुलं गोठायची. हिचा आवाज तुटायचा. 'टीचर, वी कान्ट हिअर यू' सुरू व्हायचं. दोन-तीन मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत, की पुन्हा तेच. कंपनीकडे तक्रार केली. माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी. राउटरसमोर उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर बघून म्हणाला, "ताई, नेट तर फुल्ल येतंय. मोठा प्लॅन घ्या." नवरा म्हणाला, घेऊ या मोठा प्लॅन. मोठा प्लॅन आला, पैसे वाढले, गोठणं तसंच राहिलं. मग सासूबाईंनी त्यांच्या परीने तोडगा काढला, "अगं, दुपारी घेत जा की तुझा तो क्लास." आता दुपारी अमेरिकेतली मुलं झोपलेली असतात, हे त्यांना कसं सांगायचं! एका आईने कंटाळून मुलाला काढून घेतलं. आणि घरात हळूहळू असा सूर निघायला लागला की, जाऊ दे ना, एवढं काय अडलंय त्या क्लासवाचून.

मला राग येतो तो याच वाक्याचा. नवऱ्याच्या ऑफिसची मीटिंग तुटली तर घरभर धावपळ होते. बाईचं काम तुटलं तर ते कामच नव्हतं असं ठरतं. आधीच आपल्याकडे नेट बायकांपर्यंत उशिरा पोचतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींनीच कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. एवढ्या कष्टाने हाती आलेली वस्तू बिघडली, तर ती का बिघडली हे विचारायचा अधिकार तरी आपला असावा.

मैत्रिणीला मी एकच काम सांगितलं. आपण दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तशी वही कर. नेट किती वाजता तुटलं आणि त्या वेळी घरात काय काय चालू होतं, एवढंच लिही. दोन आठवड्यांत वहीने उत्तर दिलं. मंगळवारी आणि गुरुवारी पावणेआठ ते सव्वाआठ या वेळात तुटतं. रविवारी तुटत नाही. शाळेच्या आणि ऑफिसच्या दिवशी पावणेआठला तिच्या घरात काय होतं? सासूबाई डब्याची भाजी आणि मुलाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. रविवारी मात्र दहापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. आणि राउटर कुठे होता? नेटची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली, म्हणून जोडणाऱ्या माणसाने तो तिथेच, फ्रिजवर ठेवून दिला होता. मायक्रोवेव्हपासून हातभर अंतरावर. मैत्रीण शिकवायची आतल्या खोलीत. म्हणजे तिच्या आणि राउटरच्या मध्ये मायक्रोवेव्ह, स्टीलची भांडी लावलेली मांडणी आणि एक भिंत.

आता हे का होतं, ते समजून घेऊ. अवघड नाही. वायफाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. त्यांच्या नेहमीच्या पट्ट्याला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही अन्न तापवतो तो जवळजवळ त्याच लहरींनी, २.४५ गिगाहर्ट्झच्या. हा योगायोग नव्हे. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्यात हवेतले काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी मोकळे सोडले गेले. त्यातलाच हा एक. पुढे ज्यांना परवान्याशिवाय बिनतारी उपकरणं बनवायची होती, ते सगळे याच मोकळ्या पट्ट्यात आले. वायफायचं पहिलं प्रमाण १९९७ साली ठरलं. आपल्या देशात २००५ साली हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. आज त्यात वायफाय आहे, ब्लूटूथचे स्पीकर आणि कानातले इअरफोन आहेत, बिनतारी माउस आहे, काही कॉर्डलेस फोन आहेत, दारावरचा वायफाय कॅमेरा आहे, बाळाच्या खोलीतला मॉनिटर आहे. थोडक्यात, गावाचं गायरान असावं तसा हा पट्टा. कुणाच्या मालकीचा नाही, आणि सगळ्यांची गुरं तिथेच.

गंमत अशी की यातली बरीच मंडळी सभ्य आहेत. वायफाय बोलायच्या आधी कानोसा घेतं. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं, मग आपलं म्हणणं सांगतं. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, म्हणजे एका जागी कुणाच्या पायात येत नाही. ही जागा बदलत राहायची युक्ती सुचलेल्यांमध्ये एक बाई होती, आणि ती हॉलिवूडची नटी होती. हेडी लमार तिचं नाव, व्हिएन्नात जन्मलेली. संगीतकार जॉर्ज अँथाइल याच्यासोबत तिने १९४२ साली या कल्पनेचं पेटंट मिळवलं. पाणतीराला दिलेला संदेश शत्रूने बुजवू नये म्हणून लहरी सतत बदलत ठेवायची ही कल्पना होती. अमेरिकेच्या नौदलाने ती तेव्हा बाजूला ठेवली. २०१४ साली, तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, तिचं नाव अमेरिकेच्या संशोधकांच्या सन्मानयादीत गेलं. बाईला यंत्रातलं कळत नाही म्हणणाऱ्यांना हे नाव सांगायला हरकत नाही.

मायक्रोवेव्ह मात्र सभ्य नाही. त्याला बोलायचंच नसतं, फक्त तापवायचं असतं. देवळात दोघी हळू आवाजात बोलत असाव्यात आणि शेजारी कुणी पिठाची गिरणी सुरू करावी, तसं होतं. ओव्हनच्या आत ७००-८०० वॅटची ताकद असते. राउटर बोलतो तो एका वॅटच्या दहाव्या भागाइतक्या ताकदीने, नाही तर त्याहूनही कमी. त्यामुळे ओव्हनच्या दारातून अगदी किंचित लहरी निसटल्या तरी राउटरच्या कुजबुजीपुढे ती गर्जनाच ठरते.

इथे लगेच धास्ती घेऊ नका. नेट तुटलं म्हणजे ओव्हन अंगाला घातक झाला, असं नव्हे. ओव्हनपासून पाच सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट, ही निसटणाऱ्या लहरींची अमेरिकेत पाळली जाणारी मर्यादा आहे. माणसाला इजा होईल त्याच्या खूप खाली ती ठेवलेली आहे. वायफायला मात्र तेवढंही पुरतं. पण ओव्हनचं दार वाकलं असेल, नीट लागत नसेल, काच किंवा बिजागरी तुटली असेल, तर तो वापरू नका. आणि कृपा करून घरी उघडू नका. बटण बंद असलं, पिन काढलेली असली, तरी आत जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली राहू शकते. ते काम दुरुस्तीवाल्याचंच.

मायक्रोवेव्हने भल्याभल्यांना चकवलंय. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथे ६४ मीटर व्यासाची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. १९९८ पासून तिच्यावर अधूनमधून विचित्र खुणा उमटायच्या. आकाशातून काही येतंय की इथलंच काही आहे, कळेना. त्यांना 'पेरिटॉन' असं नावही पडलं. अखेर २०१५ साली एमिली पेट्रॉफ या तरुण संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. या खुणा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळातच येत होत्या. तिथल्या लोकांपैकी कुणी तरी मायक्रोवेव्ह पूर्ण थांबायच्या आतच दार उघडत होतं, आणि त्या क्षणी निसटलेल्या लहरी दुर्बीण टिपत होती! भुकेल्या माणसाला दम निघत नाही, हे आपल्याला सांगायला दुर्बीण लागत नाही. पण शास्त्रज्ञांना ते घड्याळ बघूनच कळलं.

दुसरी गोष्ट इंग्लंडशेजारच्या वेल्समधली. अ‍ॅबरहोसन नावाच्या छोट्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. कंपनीने वायरी बदलून पाहिल्या, तरी तेच. शेवटी इंजिनिअर पहाटे यंत्र घेऊन गावभर फिरले, तेव्हा सातच्या ठोक्याला एका घरातून विजेचा गोंधळ सुरू झालेला सापडला. तिथे रोज सकाळी सात वाजता एक जुना टीव्ही लावला जात होता. त्यातून निघणारा गोंगाट टेलिफोनच्या तांब्याच्या तारांत शिरत होता. २०२० साली ही हकिगत जाहीर झाली. टीव्ही बंद झाला आणि गाव सुटलं. तिथे बिघाड वायफायचा नव्हता, तारेतला होता. पण खूण तीच, वेळ.

मी घराच्या घड्याळाचं म्हणत होते ते हेच. कंपनीचा माणूस दुपारी बारा वाजता येतो. त्या वेळी ओव्हन बंद, टीव्ही बंद, मुलं शाळेत. त्याला सगळं 'फुल्ल'च दिसणार. घरात किती वाजता काय सुरू होतं आणि काय बंद होतं, हे त्याला माहीत नसतं. नवऱ्यालाही बहुतेक वेळा नसतं. पाणी किती वाजता येतं, मोटर कधी लावायची, वरच्या मजल्यावरच्यांचा पोरगा किती वाजता गाणी लावून बसतो, हे सगळं आपल्या डोक्यात असतं. या माहितीला आजवर कुणी किंमत दिली नाही. नेटच्या बाबतीत तीच अर्धी दुरुस्ती आहे.

तेव्हा नेट अडायला लागलं की आधी आठ-पंधरा दिवस वही करा. मग एक साधी पारख करा. राउटरच्या जवळ, पण मायक्रोवेव्ह आणि इतर उपकरणं बंद ठेवून, नेट बघा. लॅपटॉप असेल तर वायरने थेट जोडून बघा. तिथेही रडत असेल तर दोष बाहेरच्या तारेत किंवा कंपनीकडे आहे, मग खुशाल भांडा. तिथे छान आणि आतल्या खोलीत रडतंय, असं असेल तर अडचण घरातल्या हवेत आहे. मोठा प्लॅन घेऊन ती जाणार नाही. घरातला पाइप तुंबला असताना नळाची जोडणी मोठी करून काय उपयोग?

उपाय बिनपैशाचे आहेत. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. मायक्रोवेव्हपासून दोन-तीन मीटर तरी लांब. स्टीलची मांडणी, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि माशांची टाकी यांच्या आड नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या पितं. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती तर लहरींना दाद देत नाहीत. टीव्हीच्या मागे दिसू नये म्हणून खुपसलेला राउटर बाहेर काढा. आणि हो, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घालू नका! कापडाने लहरी अडत नाहीत, पण पेटी तापते.

आजकालच्या बहुतेक राउटरवर दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलमध्ये काही वेळा एकाच नेटची दोन नावं दिसतात, एकाच्या पुढे ५जी असं लिहिलेलं. हे मोबाइल कंपन्यांचं फाइव्ह-जी नव्हे, राउटरचाच दुसरा पट्टा आहे. त्यावर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ यांचा त्रास नाही. मात्र भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. म्हणून जवळच्या खोलीत पाच, लांबच्या खोलीत २.४, असं वाटून द्या. टीव्हीसारखी एका जागी बसणारी वस्तू शक्य असेल तर वायरनेच जोडा, म्हणजे हवेतली तेवढी गर्दी कमी होईल. राउटरला किंवा लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावत असाल तर ती थोडी लांब ठेवा. त्या वेगवान जोडणीतूनही याच पट्ट्यात गोंगाट निघतो, हे इंटेल कंपनीच्या २०१२ सालच्या टिपणात नोंदवलेलं आहे.

राहिले शेजारी. अपार्टमेंटमध्ये बारा घरं असतील तर बारा राउटर असतात. २.४ च्या पट्ट्यात तेरा वाटा आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की भांडण न होता चालता येतं फक्त तीन वाटांवरून: १, ६ आणि ११. सगळ्यांचे राउटर एकाच वाटेवर असतील तर संध्याकाळी साऱ्या जिन्याचं नेट रडतं. कोण कुठल्या वाटेवर आहे हे मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये दिसतं, आणि वाट राउटरच्या सेटिंगमध्ये बदलता येते. कंपनीच्या माणसाला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देतो. पण तुम्ही ६ वर, आम्ही ११ वर, असं शेजारणीशी बोलून ठरवणं हे काम कुठलंच अ‍ॅप करत नाही. नळाच्या पाळ्या ज्यांनी वर्षानुवर्षं लावल्या, त्यांना हे जड नाही.

मैत्रिणीच्या घरी चार मीटर वायर विकत आणली. राउटर फ्रिजवरून उतरला आणि मधल्या बोळात दारावरच्या फळीवर गेला. लॅपटॉप पाचच्या पट्ट्यावर लावला. सासूबाईंचं दूध वेळेवर तापतं आणि क्लासही चालतो. पण हे करताना एक अडचण आली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. नेटचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. तक्रार नोंदवायची तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार. राउटरचा पासवर्ड त्याने कुठे तरी लिहून ठेवलेला, तो सापडेना. तो कामावर असताना नेट बंद पडलं तर हिने संध्याकाळची वाट बघायची. त्याचा काही दुष्टपणा नव्हता. जोडणी घेताना कुणाला सुचलंच नाही की दिवसभर घरात हेच नेट वापरणारी कोण आहे.

म्हणून माझं मागणं फार नाही. कनेक्शनवर दुसरा नंबर देता येत असेल तर तो तुमचा द्या. नवं कनेक्शन घेणार असाल तर तुमच्या नावावर घ्या. राउटरचा पासवर्ड गॅसच्या पुस्तकाशेजारी लिहून ठेवा. राउटर कुठे बसवायचा हे वायर कुठून आली त्यावर ठरू देऊ नका. घरात कोण कुठे बसून काम करतं आणि अभ्यास करतं, ते आधी सांगा. मुलीचा अभ्यास आतल्या खोलीत आणि राउटर बाहेरच्या दिवाणखान्यात, ही वाटणीही कुणी लिहिलेली नसते, पण तिची किंमत मुलगी देते.

आणि नेट अडलं म्हणून तुमचं काम दुपारी करा, उद्या करा, नाहीच केलं तरी चालेल, असं कुणी म्हटलं, तर वही पुढे करा. तिच्यात वेळ लिहिलेली असेल, कारण लिहिलेलं असेल. भांडायची गरज सहसा पडत नाही. पेटी हलवायची, एवढंच असतं.